नक्की सांगता येत नाही

थिया नीलंडने ओट्सच्या पेजेत डब्यातला मक्याचा गर कालवला, वर झाकणभर सफरचंदाचं व्हिनेगर ओतलं, चमचाभर किसलेलं जुनं चीज टाकलं आणि वास घेऊन पाहिला. मग थोडं गाजर किसून घातलं. बाई हे सगळं इतक्या आवडीने करत होती की नवख्याला वाटावं, आता पानं मांडणार. पण डलूथच्या चढावरच्या त्या मानसोपचाराच्या दवाखान्यात कोणी जेवायला येत नसे. समोरच्या खुर्चीत लोवेल हॉगन नावाचा लाल दाढीचा आडवातिडवा गडी भिंतीकडे बघत बसला होता. पातेल्यात तयार होत होती ती खोटी ओकारी, आणि ती त्याच्यासाठी होती.

लोवेलला ओकारीची भीती होती. किळस नव्हे, किळस सगळ्यांनाच येते. याची पाचावर धारण बसायची. कोणी नुसतं पोटावर हात ठेवून "जरा मळमळतंय" म्हणालं की हा काढता पाय घ्यायचा. पूर्वी तो शाळेची बस चालवत असे. एकदा मागच्या बाकावरचं पोर ओकलं, तर या पठ्ठ्याने बस रस्त्याच्या कडेला थांबवली आणि पोरांना आत ठेवून स्वतः बर्फात जाऊन उभा राहिला. मग त्याने बसच्या वर्कशॉपमध्ये बदली मागून घेतली. इंजिनं ओकत नाहीत. बायकोच्या, मार्लाच्या गरोदरपणात तिला सकाळी उलट्या व्हायच्या, तेव्हा त्याने इतका ओव्हरटाइम केला की साहेबाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

इथवर मार्लाने चालवून घेतलं. ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. घाणीचं तिला काही वाटत नसे आणि माणूस म्हटला की त्याला काहीतरी असायचंच, हे ती जाणून होती. पण गेल्या हिवाळ्यात ती बाजारातून परत आली तर लोवेल अंगणात गाडीत बसलेला, काचा वर, इंजिन बंद. घरात न्हाणीचं दार बाहेरून ओढून घेतलेलं, आणि आत त्यांची मुलगी इंगा, तेव्हा जेमतेम चार वर्षांची, फरशीवर बसून टॉवेलने स्वतःचं तोंड पुसत होती. ती ओकली होती. तिने आईला विचारलं, "डॅडीला बरं नाहीये का?"

मार्ला ओरडली नाही. आमच्या उत्तर मिनेसोटात कोणी ओरडत नाही. इथे घर जळालं तरी माणूस म्हणतो, याहून वाईट होऊ शकलं असतं. तिने मुलीला आंघोळ घातली, फरशी पुसली आणि रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला एवढंच सांगितलं की पुन्हा असं झालं तर तिला विचार करावा लागेल. कसला विचार, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोघांनाही कळलं होतं. म्हणून लोवेल थियाच्या खुर्चीत येऊन बसला.

थियाचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. भीती चढते तशी आपली आपण उतरतेही. पण तुम्ही ती चढतानाच पळून जाता, म्हणून उतरताना तुम्हाला कधी दिसतच नाही. तेव्हा पळायचं नाही, बसून राहायचं. एकदम नव्हे, शिडी करून. सगळ्यात खालची पायरी म्हणजे 'ओकारी' हा शब्द मोठ्याने म्हणायचा. त्यावर आवाज ऐकायचे, मग चित्रं बघायची, मग हे पातेलं. दर पायरीला शून्य ते शंभरमध्ये भीतीचा आकडा सांगायचा. आकडा खाली आला की वरची पायरी.

आज त्याने त्या पेजेचा घोट तोंडात घेऊन, संडासाच्या भांड्यावर वाकून, आवाज काढत थुंकायचा होता. त्याने ते केलं. पेज गार आणि आंबट होती. तो परत येऊन बसला तेव्हा त्याचा शर्ट काखेपासून कमरेपर्यंत भिजला होता.

"कसं वाटलं?" थियाने विचारलं.

"वाईट नाही."

"आकडा सांगा, लोवेल."

"तीस," लोवेल म्हणाला.

थियाने शर्टाकडे पाहिलं, पण तीसच लिहून घेतले. माणसाच्या भीतीचा आकडा त्याच्याशिवाय कोण सांगणार?

पुढच्या खेपेला थियाने मार्लालाही बोलावलं. तिला एक काम द्यायचं होतं. लोवेल घरात दिवसभर खात्री मागत असतो, हे थियाने अचूक ओळखलं होतं. चिकन शिजलंय ना? दूध कालचं तर नाही? इंगाचे गाल लाल दिसताहेत, काही होणार नाही ना? आणि मार्ला लग्न झाल्यापासून एकच उत्तर देत आली होती, काही नाही होणार रे. थिया म्हणाली की खात्री मागणं हेही पळणंच आहे, फक्त बसल्या जागी. यापुढे मार्लाने खात्री द्यायची नाही. रागवायचं नाही, हसायचं नाही, समजूत काढायची नाही. शांतपणे म्हणायचं, असेल, नसेलही, नक्की सांगता येत नाही.

"कायम?" लोवेलने विचारलं.

"सांगता येत नाही," मार्ला म्हणाली. थिया खूश झाली.

मार्ला असली पट्टीची शिष्या निघेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. चिकन शिजलंय का? असेल, नसेलही. इंगाच्या वर्गात पोटाची साथ आहे का? असेल, नसेलही. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. लोवेलला पहिल्यांदा घाम फुटायचा, मग थोडा कमी फुटायला लागला. शास्त्र बरोबर असावं. पण त्या वाक्याने घरात बस्तान बसवलं. इंगा पोपटासारखी शिकली. दात घासलेस का म्हटलं की म्हणायची, असतील, नसतीलही. मोजे कुठे आहेत, नक्की सांगता येत नाही. लोवेल हसायचा आणि हसता हसता त्याला वाटायचं, या घरात आता सरळ उत्तर मिळायचं बंद झालंय.

मग फार्गोचं निघालं. मार्लाची बहीण डोरीन चार तासांवरच्या फार्गोला असते. एकदा गाडीत मार्ला समोर रस्त्याकडे बघत म्हणाली की डोरीनच्या ओळखीच्या एका दवाखान्यात जागा निघालीये, पगारही बरा आहे. लोवेल म्हणाला, "हं. छान." एवढ्यावर विषय संपला. आमच्याकडे असल्या गोष्टी एवढ्यावरच संपतात आणि मग आठवडाभर पोटात फिरत राहतात. पुढे कळलं की मार्ला शनिवार-रविवार डोरीनकडे जाणार, दवाखाना बघून येणार, आणि इंगा इथेच राहणार. लोवेलजवळ, एकटी. हे मार्लाने इतक्या सहज सांगितलं की ती परीक्षा आहे, विश्वास आहे की नुसती सोय आहे, त्याला काही सुधरेना.

गुरुवारी संध्याकाळी तो खोलीत आला तर पलंगावर मोठी बॅग उघडी होती. दोन दिवसांना लहान बॅग पुरते. मोठीत हिवाळी बूट होते, दोन जाड स्वेटर होते आणि तिची बर्फावरच्या स्केटिंगची पादत्राणं होती. ती गेल्या दोन हिवाळ्यांत तिने कपाटाबाहेर काढलीसुद्धा नव्हती.

"परत येणार आहेस ना?" त्याने विचारलं.

मार्लाने हातातल्या स्वेटरची घडी पुरी केली. मग त्याच्याकडे बघून, चिकनच्या वेळी असायचा त्याच चेहऱ्याने, ती म्हणाली, "येईन, नाहीही. नक्की सांगता येत नाही."

लोवेल दारात उभाच राहिला. हे औषध होतं की खरं? औषध असेल तर ती त्याच्यासाठी कष्ट घेतेय, म्हणजे ती परत येणार. खरं असेल तर बॅग समोरच होती. पुन्हा विचारलं तरी तेच वाक्य येणार, हे तो जाणून होता. बरं, पुन्हा विचारणं म्हणजे खात्री मागणं, म्हणजे पळणं. त्याचं डोकं पार भंजाळलं. तो बाहेर गेला आणि अंगणातलं बर्फ फावड्याने लोटत बसला. ते सकाळीच लोटून झालं होतं.

शुक्रवारी कामाआधी त्याने थियाला गाठलं. तिने कोट काढायच्या आत याने विचारलं, "मला एवढंच सांगा, ते तुमचं वाक्य होतं की तिचं?"

थियाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

"मग मी काय करू?"

"न कळता बसा."

"किती दिवस?"

हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, हे लोवेलच्याही लक्षात आलं. थियाने सवयीने पेन काढलं आणि आत्ता या क्षणी आकडा किती, असं विचारलं. लोवेल म्हणाला चाळीस. मग का कोण जाणे, कदाचित रात्रभर झोप नव्हती म्हणून, तो म्हणाला, "पंच्याण्णव."

थियाचं पेन थांबलं.

"आणि पेजेच्या वेळी तीस म्हणालात ते?"

"ऐंशी असेल. नव्वद."

"आवाज ऐकले तेव्हा?"

"तेव्हाही तसंच."

"मग तीस का म्हणालात?"

लोवेल कानापर्यंत लाल झाला. "ऐंशी म्हणणं बरं दिसत नाही हो. तुम्ही एवढी मेहनत घेता."

थिया खुर्चीत मागे रेलली. पाहुण्याने भुकेल्या पोटी 'पोट भरलं' म्हणावं तसं हा माणूस महिनोन्महिने भीतीचे आकडे सौजन्याने सांगत होता, आणि तीही याच गावची असून तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. ती पहिल्यांदाच गोंधळलेली दिसली. तिने सरळ कबूल केलं की ज्या पायरीवर आपण उभे आहोत असं तिला वाटत होतं, त्या पायरीवर ते नव्हतेच. मुलीबरोबर एकट्याने दोन दिवस राहणं तिने खूप पुढे ठेवलं असतं.

"म्हणजे मला जमणार नाही?"

"जमेल, नाहीही जमणार," थिया म्हणाली. हे वाक्यसुद्धा औषध आहे की तिला खरंच माहीत नाही, हे लोवेलला ओळखता आलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून वाटलं, तिलाही येत नसावं.

दुपारी मार्ला गेली. इंगाचा पापा घेतला, लोवेलच्या दंडावर थोपटलं, बॅग स्वतःच उचलली. रात्री लोवेलने इंगाला सूप दिलं, ते त्याने आधी स्वतः चाखून पाहिलं, मग वास घेतला, मग डब्यावरची तारीख वाचली. विचारायला कोणी नव्हतं.

शनिवारी सकाळी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पॅनकेकच्या न्याहारीचा कार्यक्रम होता. दरवर्षी असतो, सगळं गाव येतं. शेजारपाजारचे लोक मार्ला कुठे म्हणून विचारत होते आणि लोवेल फार्गोला, बहिणीकडे, असं तोंड भरून सांगत होता. इंगाने मेपलच्या पाकात बुडवून तीन पॅनकेक हाणले आणि एका सॉसेजचा फडशा पाडला. लोवेलला तीन पॅनकेक जास्तच वाटले. पण तो मूग गिळून बसला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं की शाळेत पोटाची साथ सुरू झालीये. लोवेलने कॉफी अर्धी टाकली आणि मुलीला उचलून गाडीत बसवलं.

चढ अर्धा झाला असेल, तेव्हा मागून इंगा म्हणाली, "डॅडी, पोटात कसंतरी होतंय."

त्याने गाडी कडेला घेतली. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. पूर्वी बस थांबवली होती तेव्हाही असंच बर्फ होतं, आणि आता त्याच्या लक्षात आलं की त्याचा डावा हात दाराच्या कडीवर आधीच जाऊन बसलाय. त्याने आरशात पाहिलं. इंगा पांढरीफटक झाली होती, पण ती पोटाकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"डॅडी, तू जाणार आहेस?"

ती रडत नव्हती. आज बर्फ पडणार आहे का, असं विचारावं तसं विचारत होती. लोवेलच्या जिभेवर घरातलं वाक्य तयार होतं. नक्की सांगता येत नाही. आणि त्या क्षणी तेच अगदी खरं उत्तर होतं. कडीवरचा हात त्याचं ऐकेल की नाही, त्याला खरोखर माहीत नव्हतं. नियमाप्रमाणे पोरीला खात्री द्यायची की नाही, हे त्याने थियाला कधी विचारलंच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

हे धडधडीत खोटं होतं, निदान बोलला तेव्हा तरी. कारण लगेच त्याने दार उघडलं आणि तो बाहेर पडला. आरशात इंगाचं तोंड कसं झालं, ते त्याने पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही तेच बरं. तो बर्फात उभा राहिला. थंड हवा छातीत गेली आणि बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तो तिथेच दुपारपर्यंत उभा राहिला असता. मग त्याने मागचं दार उघडलं, तिच्या शेजारी घुसला आणि डोक्यावरची कानपट्ट्यांची लोकरी टोपी काढून तिच्या हनुवटीखाली धरली.

इंगा ओकली. ओकारी ऊन होती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. थियाचं सगळं गार असायचं. लोकरीतून ती ऊब त्याच्या तळव्यांना लागली आणि त्याच्या कानात गूं असा आवाज सुरू झाला. शंभर. शास्त्राप्रमाणे तो आकडा उतरायची वाट बघू लागला. तो उतरला नाही. इंगा पुन्हा ओकली, थोडं त्याच्या बाहीवर उडालं. आकडा तरीही उतरला नाही. फक्त त्याचा दुसरा हात तिचे केस मागे धरून होता. तो तिथे कधी गेला, त्याला आठवेना.

थोड्या वेळाने इंगाने टोपीत डोकावून पाहिलं. "पॅनकेक," ती म्हणाली.

लोवेलनेही पाहिलं. पॅनकेकच होते. आता सत्तर होतं की नव्वद, की हा आकड्यांचा प्रकारच नव्हता, त्याला काही केल्या ठरवता येईना. त्याने बाहीने तिचं तोंड पुसलं आणि ती बाही कशाने भरली होती, हे नंतर लक्षात आलं.

दुपारभर ती झोपली आणि संध्याकाळी टोस्ट मागायला लागली. तेव्हाच मार्लाचा फोन आला. तो इंगानेच उचलला आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, "मी डॅडीच्या टोपीत ओकले." मग फोन बापाच्या हातात दिला.

पलीकडून मार्लाने विचारलं, "तू कुठे होतास?"

"मागच्या सीटवर. तिच्या शेजारी."

"सगळा वेळ?"

"सगळा नाही. आधी बाहेर पडलो होतो. मग मागे गेलो."

"कसं होतं?"

वाईट नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. "भयंकर," तो म्हणाला. "शंभर. अजून पुरतं उतरलेलं नाही."

डोरीनच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. लोवेलने ठरवलं होतं की विचारायचं नाही. त्याने विचारलं. "उद्या येणार आहेस ना?"

तो त्या वाक्याची वाट बघत राहिला. असेल, नसेलही.

"येणार आहे," मार्ला म्हणाली. तिचा आवाज जरा हलला.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो आणखी गोंधळला. तिने नियम मोडला होता. का मोडला? तिचं ठरलंय म्हणून, की याची दया आली म्हणून, की टोपीची गोष्ट ऐकून तोंडून निघून गेलं? दवाखाना तिला आवडला की नाही? मोठी बॅग तिने उघडली की तशीच ठेवलीये? मग त्याला गाडीतलं स्वतःचं 'नाही' आठवलं. ते बोलताना त्याला काडीचंही माहीत नव्हतं. आधी बोलून झालं आणि मग त्या शब्दामागोमाग जाऊन मागच्या सीटवर बसावं लागलं. मार्लालाही नक्की माहीत नाही, हे त्याला तिथे फोन कानाला लावून उभ्या उभ्या कळलं. आणि तरी ती म्हणाली होती.

नक्की? हे त्याच्या अगदी जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"रस्त्यावर बर्फ आहे," तो म्हणाला. "सावकाश ये."

"हं," मार्ला म्हणाली. फोन मात्र दोघांनीही लगेच ठेवला नाही.

इंगाला टोस्ट देऊन तो तळघरात गेला. टोपी सकाळपासून बादलीत भिजत पडली होती. त्याने बाह्या वर केल्या आणि पाण्यात हात घातला.